छोट्या ऑफिससाठी प्रिंटर: लेसर घ्यावा की इंकजेट?

प्रिंटर घ्यायचा ठरला की बहुतेक जण आधी मशीनची किंमत बघतात, मग रंगीत छापतो का, मग वायफाय आहे का. मला विचाराल तर सुरुवात भलत्याच प्रश्नापासून करावी: हा प्रिंटर तुमच्याकडे सलग किती दिवस नुसता बसून राहणार आहे? लेसर आणि इंकजेट यांत वेगाचा, किमतीचा, रंगांचा फरक आहेच. पण छोट्या ऑफिसला जो फरक पुढची तीन-चार वर्षे जाणवत राहतो, तो या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

दोन ते दहा माणसे, एक प्रिंटर, आणि त्याच्याकडे बघायला वेगळा माणूस नाही, असे ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून पुढचे लिहिले आहे.

पायरी १: आधी आपली पाने मोजा

जुना प्रिंटर असेल तर त्याच्या मेनूमधून स्टेटस पेज किंवा कॉन्फिगरेशन पेज छापा. त्यावर आजवर छापलेल्या पानांचा एकूण आकडा असतो. तो तारखेसह लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा बघा. प्रिंटर नसेल तर कागदाच्या रिमवरून अंदाज येतो: एका रिममध्ये ५०० कागद, ते किती आठवड्यांत संपतात ते पाहा. बाहेरून प्रिंट काढून आणत असाल तर त्या बिलांवर पानांची संख्या असतेच. नुसता मनाने अंदाज करू नका. गर्दीचे दिवस लक्षात राहतात आणि शांत आठवडे विसरले जातात, त्यामुळे मनातला आकडा फुगलेला असतो.

मोजताना तीन गोष्टी टिपा. महिन्याची एकूण पाने. त्यांतली ज्यांना रंग खरोखर लागतो अशी पाने. ईमेलच्या तळाशी निळा लोगो आला म्हणून रंगीत झालेली पाने यात धरायची नाहीत. आणि सर्वांत लांब खंड, म्हणजे ज्या काळात एकही प्रिंट निघाली नाही असे सलग दिवस. सुट्ट्या, दौरे, मंदीचा हंगाम हे सगळे त्यात आले.

काम कसे येते हेही जाता जाता बघून घ्या. दिवसभर एकेक पान निघते, की महिन्याच्या शेवटी एकदम दीडशे पानांचा गठ्ठा? पुढे दर पानाचा हिशेब करताना हे उपयोगी पडेल.

पायरी २: आत काय चालते ते समजून घ्या

ही पायरी गाळावीशी वाटेल, पण गाळू नका. दोन्ही प्रकारांच्या बहुतेक खोड्या त्यांच्या रचनेतूनच येतात, आणि रचना कळली की दुकानात कोणी काहीही सांगो, तुम्हाला तपासता येते.

लेसर प्रिंटर हा कॉपी मशीनचा वंशज. १९३८ साली चेस्टर कार्लसन यांनी स्थिर विजेच्या जोरावर कोरडी पूड कागदावर उमटवून दाखवली. १९७१च्या सुमारास झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी त्याच यंत्रणेत लेसरचा किरण आणला. आजच्या छोट्या लेसर प्रिंटरातही हेच चालते: फिरत्या ड्रमला विजेचा भार दिला जातो, लेसर जिथे पडतो तिथला भार बदलतो, तिथे टोनरची पूड चिकटते, ती कागदावर उतरते, आणि शेवटी फ्यूझर नावाचा तापलेला रूळ ती कागदावर वितळवून बसवतो. फ्यूझरचे तापमान साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. टोनर हा मुळात रंगद्रव्य मिसळलेला प्लॅस्टिकचा अतिशय बारीक भुगा आहे.

यातून काय काय निघते ते बघा. भुगा कोरडा, म्हणून तो वाळत नाही. महिनाभर मशीन बंद ठेवले तरी पहिली प्रिंट तशीच येते. वितळून बसलेले प्लॅस्टिक पाण्याने फुटत नाही, वर हायलायटर फिरवला तरी अक्षर पसरत नाही. दुसरीकडे, फ्यूझर तापवायला वीज लागते, पहिल्या पानाला थोडे थांबावे लागते, आणि उष्णता सहन न होणारा कागद यातून घालता येत नाही. ड्रम फिरून फिरून झिजतो, म्हणून तोही कधीतरी बदलावा लागतो.

इंकजेटची गोष्ट वेगळ्या टोकापासून सुरू होते. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाईचा थेंब उडाला. कॅनन आणि एचपीची बहुतेक इंकजेट मशीन आजही याच तत्त्वावर चालतात: शाई क्षणभर तापते, बुडबुडा होतो, बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. एप्सन आणि ब्रदर यांची पद्धत निराळी. तिथे वीज दिल्यावर आकार बदलणारा स्फटिक शाईला दाबतो. पद्धत कुठलीही असो, थेंब बाहेर पडतो तो केसाहूनही बारीक छिद्रातून. या छिद्राला नोझल म्हणतात, आणि ही छिद्रे ज्या भागावर असतात तो भाग म्हणजे हेड.

आणि हे बारीक छिद्र म्हणजेच इंकजेटची सगळी कमाल आणि सगळी डोकेदुखी. थेंब इतके सूक्ष्म असल्यामुळे फोटोतल्या छटा सुंदर येतात. पण शाई पातळ आहे, हवेत वाळते, आणि छिद्रात वाळली की नोझल बंद. मग प्रिंटवर आडव्या पांढऱ्या रेघा येतात. त्या घालवायला मशीन ‘हेड क्लीनिंग’ करते, म्हणजे जोराने शाई ओढून छिद्रे मोकळी करते, आणि ती ओढलेली शाई कागदावर न जाता आतल्या शोषक पॅडमध्ये किंवा मेंटेनन्स बॉक्समध्ये जाते. विकत घेतलेली शाई अशी छपाई न होताही संपते. इंकजेट दुभत्या जनावरासारखा आहे, रोज थोडे काढावेच लागते.

गंमत अशी की दोन्ही प्रकार ऑफिसच्या टेबलावर आले ते एकाच वर्षी, १९८४ मध्ये, आणि तेही एचपीकडूनच: लेसरजेट आणि थिंकजेट. चाळीस वर्षांत एकाने दुसऱ्याला बाजारातून घालवलेले नाही, कारण एकाला जे सहज जमते तिथेच दुसरा अडतो.

पायरी ३: इंकजेटमधले दोन वेगळे प्रकार वेगळे धरा

‘इंकजेट महाग पडतो’ आणि ‘इंकजेट सर्वांत स्वस्त’ ही दोन्ही वाक्ये तुम्हाला ऐकू येतील, आणि दोन्ही खरी असू शकतात. कार्ट्रिजचा इंकजेट आणि टँकचा इंकजेट ही हिशेबाच्या दृष्टीने दोन वेगळी मशीने आहेत.

कार्ट्रिजवाले मशीन स्वस्त, कार्ट्रिज छोटी आणि महाग. त्यातही तीन रंग एकाच डबीत असलेली कार्ट्रिज असेल तर एक रंग संपला की बाकीचे दोन शिल्लक असूनही आख्खी डबी बदलावी लागते. टँकवाले मशीन महाग, पण शाई बाटलीतून ओतायची, आणि काळ्या शाईच्या एका बाटलीत काही हजार पाने निघतात. कार्ट्रिजच्या बाजूने एकच गोष्ट बोलता येते: बऱ्याच कार्ट्रिजमध्ये हेड डबीवरच असते, त्यामुळे जाम झाले तर नव्या डबीबरोबर नवे हेड मिळते. टँकमध्ये हेड मशीनचा भाग असते. काही मॉडेलमध्ये ते आपल्याला बदलता येते, काहींत सर्व्हिस सेंटरला न्यावे लागते. घेण्याआधी हे आवर्जून विचारा.

ऑफिससाठी कार्ट्रिजचा इंकजेट मी सहसा सुचवतच नाही. महिन्याला जेमतेम वीस-तीस पाने, तीही रंगीत, आणि मशीनवर खर्च करायची तयारी नाही, एवढीच जागा त्याला उरते. तेवढ्या कामासाठी बाहेरून प्रिंट काढून आणणे बहुधा जास्त शहाणपणाचे. म्हणून पुढे मी ‘इंकजेट’ म्हणेन तेव्हा टँकवाला धरा.

पायरी ४: दर पानाचा हिशेब स्वतः करा

सूत्र साधे आहे: टोनरची किंमत भागिले त्यातून निघणारी पाने, अधिक ड्रमची किंमत भागिले ड्रमची पाने. शाईचेही तसेच, फक्त ड्रम नाही.

‘इतकी पाने निघतात’ हा आकडा कंपन्या मनाने लिहीत नाहीत. काळ्या टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२, रंगीत टोनरसाठी १९७९८ आणि इंकजेटसाठी २४७११ अशी मोजणीची मानके आहेत. त्यामुळे दोन मॉडेलचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. तुमच्या ऑफिसात मात्र तेवढीच पाने निघतील असे नाही. पानावर साधारण ५ टक्के जागा शाईने भरते असे ढोबळ गणित नेहमी वापरले जाते, आणि ते चार ओळींच्या पत्राला लागू पडते. गच्च तक्ते, काळ्या पट्ट्या, मोठा लोगो असेल तर पाने निम्म्यावर येऊ शकतात. शिवाय दिवसभर एकेक पान काढणाऱ्यांच्या लेसरचा ड्रम लवकर झिजतो, कारण प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर ड्रम काही फेऱ्या रिकाम्या घेतो.

आता उदाहरण. आकडे काल्पनिक आहेत, चलन कुठलेही धरा. लेसरची टोनर कार्ट्रिज ३,००० ला, पाने १,५००: दर पानाला २. ड्रम ६,००० ला, पाने १२,०००: दर पानाला अर्धा. एकूण अडीच. टँकची काळी बाटली ५०० ला, पाने ४,०००: दर पानाला एक अष्टमांश. हेड साफ करण्यात शाई वाया जाते म्हणून तो दुप्पट धरू, म्हणजे पाव. फरक पडला सव्वादोनचा. टँकवाले मशीन लेसरपेक्षा ४,५०० ने महाग असेल तर ४,५०० भागिले २.२५, म्हणजे २,००० पानांनंतर टँक फायद्यात यायला लागतो. महिन्याला १,००० पाने छापणाऱ्याला ते दोन महिन्यांत वसूल. महिन्याला १०० छापणाऱ्याला वीस महिने लागतील, आणि तेवढ्यात एखाद्या लांब सुट्टीनंतर हेड जाम झाले तर सगळा हिशेब उलटतो.

तेव्हा प्रामाणिकपणे सांगायचे तर नुसत्या शाईच्या खर्चात टँकला तोड नाही. लेसरला आपण जास्त पैसे देतो ते ‘कधीही बटण दाबले तरी छापेल’ या खात्रीचे. ती खात्री तुम्हाला किती मोलाची आहे, हे तुमच्या पहिल्या पायरीतल्या तिसऱ्या आकड्यावरून ठरवा.

हिशेब करताना तीन ठिकाणी फसगत होते. नव्या लेसरबरोबर येणारी कार्ट्रिज बहुधा ‘स्टार्टर’ असते, म्हणजे अर्धवट भरलेली. ती लवकर संपल्यावर मशीनला दोष देऊ नका, पण हिशेबात मात्र पूर्ण कार्ट्रिजचीच किंमत आणि पाने धरा. दुसरे, एकाच मॉडेलला साधी आणि ‘हाय यील्ड’ अशा दोन आकारांच्या कार्ट्रिज मिळत असतील तर दर पानाला मोठी जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. तिसरे, ड्रम. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये ड्रम टोनरच्या डबीतच असतो, मग तो वेगळा मोजायचा नाही. ब्रदरसारख्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये टोनर वेगळा, ड्रम वेगळा. तिथे टोनरची किंमत पाहून ‘स्वस्त आहे’ म्हणाल आणि ड्रमचा खर्च नंतर समोर येईल.

पायरी ५: कागदावर काय उमटणार आहे?

करार, पत्रे, बिले, अहवाल, म्हणजे काळी अक्षरे आणि पांढरा कागद, एवढेच काम असेल तर लेसरच्या अक्षराला धार जास्त असते. साध्या कागदात शाई जराशी झिरपते, टोनर पृष्ठभागावर बसतो. इंकजेटमध्ये शाईही दोन तऱ्हेची असते. डाय प्रकारची शाई पाण्याच्या थेंबाने फुटते. पिगमेंट प्रकारची शाई बऱ्यापैकी टिकते. बऱ्याच टँक प्रिंटरांत काळी पिगमेंट आणि रंग डाय अशी जोडी असते, तर काहींत चारही डाय. ऑफिसच्या कागदपत्रांसाठी निदान काळी तरी पिगमेंट असावी, आणि हे बाटलीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेले असते.

कायम जपायची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये ठेवत असाल तर एक इशारा. मऊ पीव्हीसीच्या पाउचला लेसरची अक्षरे कालांतराने चिकटतात आणि कागद ओढला की अक्षरे प्लॅस्टिकवर राहतात. पॉलिप्रॉपिलीनचे पाउच घ्या.

फोटो, उत्पादनांची चित्रे, चकचकीत कागदावरची पत्रके हवी असतील तर इंकजेट. रंगीत लेसर तक्ते, आलेख, लोगो झकास छापतो, पण माणसाच्या चेहऱ्यावरच्या छटा त्याला नीट साधत नाहीत. शिवाय इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेसरमध्ये कधीही घालू नये. त्यावरचा लेप फ्यूझरला चिकटला तर दुरुस्ती महागात जाते. छापून घेतलेले लेटरहेड लेसरमधून काढणार असाल तर छापखान्याला तसे आधीच सांगा, म्हणजे ते उष्णता सोसणारी शाई वापरतील. उठावाची चकचकीत अक्षरे असलेले लेटरहेड तर फ्यूझरखाली वितळू शकते.

लेबलचे कागद लेसरसाठी वेगळे मिळतात, तेच घ्या. अर्धी लेबले काढून झालेला कागद पुन्हा लेसरमध्ये घालायचा मोह होतो, तो आवरा; उरलेले लेबल आत सुटून ड्रमला किंवा फ्यूझरला चिकटते. पाकिटे छापायची असतील तर मागून सरळ वाट असलेला प्रिंटर बघा, मग तो कुठलाही असो. आणि कार्बन लावून तीन प्रती एकदम काढायच्या असतील तर या दोहोंपैकी एकही चालणार नाही. त्याला सुई आपटणारा डॉट मॅट्रिक्सच लागतो.

पायरी ६: वीज, जागा, हवा

इंकजेट छापताना साधारण १० ते ३० वॅट घेतो. लेसर छापताना काहीशे वॅट घेतो, आणि फ्यूझर तापण्याच्या क्षणी हा आकडा हजाराच्या घरात जाऊ शकतो. म्हणून संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लेसर जोडू नये. यूपीएस ओरडेल, बंद पडेल, आणि सोबत संगणकही बंद करेल. लेसरची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. ज्यांच्याकडे वीज सतत जाते आणि काम बॅटरीवर चालते, त्यांच्यासाठी हा एकच मुद्दा इंकजेटच्या बाजूने कौल द्यायला पुरेसा आहे.

लेसर चालताना गरम हवा आणि अतिसूक्ष्म कण बाहेर टाकतो. बंद केबिनमध्ये कोणाच्या नाकासमोर तो ठेवू नका, हवा खेळती असेल अशा कोपऱ्यात ठेवा.

पायरी ७: बाकीच्या सोयी, महत्त्वाच्या क्रमाने

माझ्या मते सर्वांत वरचा क्रमांक पाठपोट छपाईचा. मशीन स्वतः कागद उलटून दोन्ही बाजूंनी छापत असेल तर कागदाचा खर्च आणि फायलींची जाडी दोन्ही जवळजवळ निम्मी होतात. ‘मॅन्युअल डुप्लेक्स’ लिहिलेले असेल तर कागद तुम्हीच उलटायचा आहे, आणि आठवडाभरात सगळे तो नाद सोडतात.

दुसरा क्रमांक नेटवर्कचा. यूएसबीवर जोडलेला प्रिंटर एका संगणकाचा होतो आणि तो संगणक बंद असला की कोणाचाच राहत नाही. केबलचे नेटवर्क पोर्ट असेल तर उत्तम, नाहीतर वायफाय. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ वायफायवरच चालतात, हे राउटर लावताना ध्यानात ठेवा. फोनवरून प्रिंट काढायची असेल तर एअरप्रिंट आणि मोप्रिया ही दोन नावे खोक्यावर शोधा.

स्कॅन आणि कॉपी लागत असेल तर ऑल-इन-वन घ्या, पण त्यात वरून गठ्ठा ठेवायचा फीडर आहे का ते बघा. तीस पानांचा करार काचेवर एकेक पान ठेवून स्कॅन करणे ही शिक्षा आहे. पाठपोट पानांचे स्कॅनिंग वरचेवर असेल तर फीडरही दोन्ही बाजू वाचणारा हवा. पाठपोट छापणारा प्रत्येक प्रिंटर पाठपोट स्कॅन करतोच असे नाही.

ट्रे अडीचशे कागदांचा असावा. शंभर कागदांचा ट्रे पाच माणसांच्या ऑफिसात सतत रिकामा दिसतो.

वेगाचे आकडे मी फारसे मनावर घेत नाही. इंकजेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत दिलेला वेग बरेचदा फिकट ड्राफ्ट मोडचा असतो. आयएसओ वेग म्हणून दिलेला आकडा खरा धरा. एकेक पान काढणाऱ्या ऑफिसात मिनिटाला किती पाने यापेक्षा पहिले पान किती सेकंदांत येते, याला जास्त अर्थ आहे.

‘ड्यूटी सायकल’ हा शब्द मात्र नीट समजून घ्या. महिन्याला २०,००० पाने असे लिहिलेले असते, ती मशीनने एखाद्या महिन्यात सोसायची कमाल मर्यादा आहे. त्याच माहितीपत्रकात खाली ‘शिफारस केलेली मासिक पाने’ असा वेगळा आकडा असतो, आणि छोट्या मशीनमध्ये तो २,००० च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तुमची पाने त्या दुसऱ्या आकड्यात बसली पाहिजेत.

पायरी ८: आता ठरवा

महिन्याची पाने शे-दोनशे किंवा अगदी हजार, जवळजवळ सगळी काळी, आणि मध्ये मध्ये आठवडा-दोन आठवडे प्रिंटरला हातही लागत नाही: काळा-पांढरा लेसर घ्या. वकील, हिशेबनीस, सल्लागार यांची ऑफिसे बहुतेक यातच येतात. कधीमधी चार रंगीत पाने लागली तर ती बाहेरून काढा. त्या चार पानांसाठी रंगीत मशीन घेणे हा सर्वांत महागडा मोह आहे.

रोज छपाई आहे, रंग रोजच्या कामात खरोखर लागतो, किंवा पाने खूप असून खर्च काटेकोरपणे धरायचा आहे: टँकचा इंकजेट. शिकवणी वर्ग, डिझाइन करणारे, फोटो लावून अहवाल देणारे यांनी इकडे वळावे. अट एकच, मशीन आठवडाभर उपाशी राहू नये.

रंग लागतो, पण तो अनियमित, आणि कागद पाण्यात भिजू शकतो किंवा ग्राहकासमोर लगेच ठेवायचा असतो: मग रंगीत लेसर. तो जड असतो, जागा खातो, आणि त्याला चार टोनर लागतात. काही मॉडेलमध्ये वेस्ट टोनर बॉक्स (वाया गेलेली पूड साठवणारी डबी) आणि ट्रान्सफर बेल्ट (रंग कागदावर उतरवायला मदत करणारा पट्टा) हेही कधीतरी बदलावे लागतात. चारही टोनरची किंमत एकत्र मांडून बघितल्याशिवाय होकार देऊ नका. मशीनच्या किमतीच्या जवळ गेलेली मी पाहिली आहे.

काळ्या कामाला लेसर आणि रंगाला छोटा टँक, अशी दोन मशीने ठेवावीत का? पाने भरपूर असतील तर कल्पना वाईट नाही, एक बिघडला तर दुसरा असतो. पण कमी रंगीत काम असलेल्या ऑफिसात तो दुसरा टँक नुसता बसून राहील आणि त्याचे हेड जाम होईल.

पायरी ९: पैसे देण्यापूर्वी

मॉडेल ठरले की त्याच्या टोनर किंवा शाईचा नेमका क्रमांक लिहून घ्या आणि तो माल दोन-तीन ठिकाणी सहज मिळतो का ते तपासा. अगदी नव्या मॉडेलचा माल काही महिने दुर्मिळ असतो. अगदी जुन्या मॉडेलचा हळूहळू दुर्मिळ होत जातो.

दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज किंवा रिफिल वापरायचा विचार असेल तर तोही आत्ताच करा. अनेक कार्ट्रिजवर चिप असते, आणि काही प्रिंटर परकी चिप नाकारतात. काही वेळा सुरुवातीला चालते आणि फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर, अपडेट झाल्यावर बंद होते. लेसरमध्ये चांगल्या दर्जाचा पर्यायी टोनर चालून जातो, हलका असेल तर आत पूड सांडतो. टँकमध्ये मात्र मूळ शाईच घाला. ती आधीच स्वस्त आहे, आणि भलत्या शाईने हेड खराब झाले तर वाचवलेले पैसे कितीतरी पटीने जातात.

वॉरंटीत पानांची मर्यादा आहे का ते वाचा. काही वॉरंट्या ‘एक वर्ष किंवा इतकी पाने, जे आधी होईल ते’ अशा असतात. जुना प्रिंटर घेत असाल तर दुकानातच स्टेटस पेज छापायला लावा: एकूण पाने, ड्रमचे उरलेले आयुष्य, टोनर, सगळे त्यावर दिसते. जुना लेसर घेण्यात फारसा धोका नाही. किती महिने पडून होता हे माहीत नसलेला जुना इंकजेट मात्र फुकट मिळाला तरी विचार करा.

पायरी १०: बसवल्यावरच्या सवयी

ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये पाठपोट छपाई कायमची चालू करा, आणि रंगीत मशीन असेल तर ‘ग्रेस्केल’ हे मूळ सेटिंग ठेवा. ज्याला रंग हवा तो निवडेल. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता राखून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी पत्ता बदलतो आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर ‘ऑफलाइन’ येते. प्रिंटरच्या ॲडमिन पानाचा मूळ पासवर्ड बदला. ते पान नेटवर्कवरच्या कोणालाही उघडता येते.

कागद कोरडा ठेवा. रिम उघडली की उरलेले कागद त्याच वेष्टनात गुंडाळून ठेवावेत. दमट कागद लेसरमध्ये वाकतो आणि अडकतो. ट्रेमध्ये घालण्यापूर्वी गठ्ठा दोन्ही बाजूंनी फुलवून सुटा करा. ७५ किंवा ८० जीएसएमचा साधा कागद दोन्ही प्रकारांना चालतो. अडकलेला कागद शक्यतो तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा, आणि फ्यूझरजवळ अडकला असेल तर आधी मशीन गार होऊ द्या.

इंकजेट असेल तर आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक पान काढायचे काम कोणा एकावर सोपवा. मशीन बंद करताना त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटण दाबल्यावर हेड आपल्या जागी जाऊन टोपीखाली बसते. स्विच बंद केला तर ते मध्येच उघडे राहू शकते आणि वाळते. रेघा दिसल्या तर आधी नोझल चेक छापा, मग एकदा किंवा दोनदा हेड क्लीनिंग. तरी फरक पडला नाही तर काही तास थांबून पुन्हा करा. एकामागून एक दहा वेळा केल्याने फक्त शाई संपते आणि शोषक पॅड भरते. टँकमधली शाई खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरली की ती काढणे किचकट असते. जागा बदलताना टँकचा प्रिंटर आडवा करू नका.

लेसरची देखभाल त्या मानाने काहीच नाही. टोनर संपत आल्याचा इशारा आला आणि प्रिंट एका बाजूला फिकी पडू लागली तर कार्ट्रिज काढून आडवी धरून हलकेच चार-पाच वेळा हलवा. आणखी काही डझन पाने निघतात, तेवढ्यात नवी मागवा. ड्रमला बोट लावू नका आणि तो उजेडात ठेवू नका. कार्ट्रिज काढताना पूड सांडली तर ओल्या फडक्याने टिपून घ्या. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पूड इतकी बारीक असते की ती फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर पसरते. कपड्यावर पडली तर आधी झटका, मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती वितळते आणि धाग्यातच बसते.